वीसपैकी अठरा, तरी ईमेलवर लाल रेघा

प्रश्न: मी ३३ वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात काम करते. दहावी मराठी माध्यमातून झाली, पुढे घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण सुटलं. यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी कॉमर्सला बसतेय. इंग्रजीची धास्ती म्हणून दोन वर्कबुकं आणली, मोबाइलवर एक ॲपही घेतलं. रोज रात्री जेवणं आटपली की एक स्वाध्याय सोडवतेच. वीसपैकी सतरा-अठरा बरोबर येतात. पण ऑफिसात चार ओळींचा ईमेल लिहिला की साहेब प्रिंटवर लाल रेघा मारून परत देतात. त्या रेघाही मी आदल्या रात्री बरोबर सोडवलेल्या गोष्टींवरच असतात. अकाउंट्सचंही तेच. पुस्तकातली उदाहरणं सुटतात, जुनी प्रश्नपत्रिका घेतली की हातपाय गळतात. मुलगी सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. ती माझं इंग्रजी ऐकून हसते. माझा सराव कमी पडतोय का? अजून कोणती पुस्तकं घेऊ?
एक वाचक, भांडुप

उत्तर:

ताई, नवं पुस्तक एकही घेऊ नका.

तुमचा सराव कमी पडत नाहीये. ऑफिस, लोकल, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास आणि वर रोज एक स्वाध्याय. याहून जास्त सराव करा म्हणणाऱ्याने आधी भांडुपहून सकाळची स्लो पकडून दाखवावी. घोळ आहे तो वर्कबुकाच्या छपाईत. तुमच्या दोन्हींपैकी कोणतंही उघडा. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असेल, ‘सिंपल पास्ट टेन्स’. खाली वीस वाक्यं, आणि विसांचंही उत्तर सिंपल पास्टच. पहिल्या वाक्याला तुम्ही थोडा विचार करता. तिसऱ्यापासून हात आपोआप ‘गो’चं ‘वेंट’ आणि ‘सेंड’चं ‘सेंट’ करत सुटतो. इथे कोणता काळ लागेल, हा खरा अवघड प्रश्न. तो तर पुस्तक छापणाऱ्यानेच तुमच्या वतीने सोडवून टाकलेला असतो. तुमच्या वाट्याला क्रियापदाचं रूप बदलण्याचं काम तेवढं उरतं, आणि अठरा गुण त्या रूपाचे आहेत.

ईमेलच्या डोक्यावर कोणी शीर्षक छापत नाही. तुमच्या मनात असतं, ‘मी काल फाइल पाठवली आहे.’ मराठीत हे वाक्य बिनचूक. त्यावरून तुम्ही लिहिता, ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे’, आणि लाल रेघ येते. इंग्रजीत ‘यस्टरडे’सारखी संपून गेलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ चालत नाही, तिथे ‘आय सेंट’ हवं. तुम्हाला सिंपल पास्टचं पान येतं आणि प्रेझेंट परफेक्टचंही येतं. या दोघांतून निवड करायला लावणारं पानच तुमच्यासमोर कधी आलेलं नाही.

हे मी केवळ वर्गातल्या अनुभवावरून म्हणत नाहीये. अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर या दोघांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका आकाराची सगळी उदाहरणं सोडवून मगच पुढचा आकार घेतला. दुसऱ्या गटाला तीच उदाहरणं सरमिसळ करून दिली. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ वर राहिला. प्रयोग गणितावरचा आहे, इंग्रजी व्याकरणावरचा नाही, हे मान्य. पण त्यातला पहिला गट तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. त्या ८९ टक्क्यांत आणि तुमच्या अठरा गुणांत मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून मी सांगते ते एवढंच: शीर्षक झाका.

झाकायचं म्हणजे काय, ते जरा तपशिलात सांगते, कारण नुसता कागद ठेवून भागत नाही. पान कोणतं आहे हे आपल्याला माहीत असतंच. एक साधी शंभर पानी वही घ्या. वर्कबुकातल्या पाच वेगवेगळ्या स्वाध्यायांतून चार-चार वाक्यं उचलून त्यात उतरवा. वर शीर्षक लिहायचं नाही, क्रमही मोडायचा, आणि मागच्या पानावर बारीक अक्षरात पान क्रमांक व वाक्य क्रमांक टाकून ठेवायचा, म्हणजे उत्तर तपासता येईल. मग ते पान चार-पाच दिवस उघडायचंच नाही. कशातलं कोणतं वाक्य ते विसरलात की सोडवायला बसा. गुण धाडकन खाली येतील. वीसपैकी अकरा आले तरी घाबरू नका, ईमेल कसा जमेल ते त्या अकरांवरून जास्त खरं कळतं.

अगदी नवा नियम शिकताना मात्र पहिली सात-आठ वाक्यं एकाच प्रकारची असू द्यावीत. रूप हातात बसायला तेवढी लागतात. नववं, दहावं आणि विसावं सोडवून वेळ घालवू नका, ती पुढच्या सरमिसळ पानासाठी राखून ठेवा. आणि बारावीच्या पेपरातला ‘डू ॲज डायरेक्टेड’चा भाग याला अपवाद धरा. ‘रिमूव्ह टू’, ‘यूज अनलेस’, ‘चेंज द व्हॉइस’ असं तिथे प्रश्नच सांगतो काय करायचं ते. त्या गुणांपुरता जुन्या पद्धतीचा रट्टा चालतो, खुशाल मारा. पत्र, मुलाखतीचे प्रश्न, सारांश लिहायची वेळ आली की तुम्ही पुन्हा त्या ईमेलपाशीच येता.

तपासण्याबद्दल दोन गोष्टी. एक, उत्तर लिहिताना जिथे अंदाजाने लिहिलंत तिथे समासात पेन्सिलीने टिंब द्या. अंदाज बरोबर निघाला तरी तो गुण धरायचा नाही. हे केलंत की तुमचे अठराचे तेरा होतात, आणि कुठे काम करायचं ते त्या टिंबांवरून दिसतं. दुसरी, चुकलेल्या वाक्यासमोर नुसतं बरोबर उत्तर उतरवू नका. का चुकलं ते एका ओळीत मराठीत लिहा, अगदी ‘यस्टरडे आलं म्हणून हॅव नको’ इतकं साधं. मग तोच नियम वापरून ऑफिसातल्या कामाचं एक वाक्य स्वतः रचा. दुसऱ्याने दिलेल्या वाक्यातली गाळलेली जागा भरणं आणि कोऱ्या ओळीवर पहिला शब्द टाकणं ही दोन निराळी कामं आहेत. पगार दुसऱ्या कामाचा मिळतो.

साहेबांच्या लाल रेघांचे कागद टाकून देत नाही ना? तुमचं तिसरं वर्कबुक तेच. अशिलांची नावं आणि आकडे काळ्या पेनने खोडा, ऑफिस सीएचं आहे, तेवढी काळजी घ्यायलाच हवी, आणि ते कागद घरी आणा. महिनाभराच्या रेघा एकत्र पाहिल्यात की कळेल, चुका पन्नास ठिकाणी असल्या तरी त्यांचे प्रकार पाच-सहाच आहेत. मराठी घरातून इंग्रजीकडे येणाऱ्या बहुतेकांचे तेच असतात, त्यामुळे तुमचे कागद न पाहताही मी काही सांगू शकते.

मराठीत ‘मी इथे सहा वर्षांपासून काम करते’ म्हणतो, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स’ होतं. हवं ते ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स’. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ (सिन्स २०१९, सिन्स मंडे), किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. मग ‘बिलं कधी पाठवाल ते कळवा’ यावरून ‘प्लीज टेल अस व्हेन विल यू सेंड द बिल्स’. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की इंग्रजीत शब्दांची उलटापालट होत नाही, ‘व्हेन यू विल सेंड’ असंच राहतं. ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्स्प्लेन मी’ होतं, तिथे मध्ये ‘टू’ लागतो. ‘या विषयावर चर्चा करू’मधला ‘वर’ घेऊन ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं जातं, तिथे उलट काहीच लागत नाही. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ तर मराठीत नाहीतच, त्यामुळे कुठे टाकायचे हे कानाला जाणवत नाही. अक्षर न बघता उच्चार बघा: ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ मॅनेजर’ पण ‘ॲन एमबीए’. वस्तूचा पहिल्यांदा उल्लेख ‘अ’ने, तीच वस्तू पुन्हा आली की ‘द’ने, एवढं सांभाळलंत तरी अर्ध्या रेघा जातील. उरलेल्या अर्ध्यांत वर्षानुवर्षं इंग्रजीत लिहिणारेही अडखळतात, त्यांचं मनाला लावून घेऊ नका.

आणि एक चूक अशी, जी कागदावर दिसत नाही पण फोनवर गोत्यात आणते. ‘पाठवलं नाहीत का?’ असं विचारलं तर आपण म्हणतो, ‘हो, नाही पाठवलं.’ इंग्रजीत ‘डिडन्ट यू सेंड इट?’ला ‘यस’ म्हटलंत तर अर्थ होतो, पाठवलं. न पाठवलेल्या चलनाबद्दल असं ‘यस’ गेलं तर काय होतं ते सीएच्या ऑफिसात मी वेगळं सांगायला नको. ‘नो, आय डिडन्ट’ हे सबंध वाक्य म्हणायची सवय लावा, नुसत्या एका शब्दावर थांबू नका.

यासाठी वेळ कुठून आणायचा? लोकलमधून. लेडीज डब्यात वही उघडायला जागा मिळत नाही, पण मनातल्या मनात भाषांतर करता येतं. ऑफिसात आज बोलावं लागेल असं एक मराठी वाक्य धरायचं आणि पुढचं स्टेशन यायच्या आत त्याचं इंग्रजी करायचं. कांजूरमार्गला पहिलं झालं तर कुर्ला येईपर्यंत पाच होतात. मराठीवरून इंग्रजी करणं ही आपल्या आजोबांच्या पिढीची पद्धत. हल्ली शाळांत ती मागासलेली समजतात, इंग्रजीतच विचार करा म्हणून सांगतात. सांगणं सोपं आहे. तुमच्या वयात, तुमच्या वेळेत ती जुनी पद्धत मला जास्त उपयोगाची वाटते, कारण मराठी वाक्याच्या डोक्यावरही शीर्षक नसतं. ‘साहेब अजून आलेले नाहीत’ला कोणता काळ लागेल ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

ॲपचं म्हणाल तर ठेवा, पण चार पर्याय अंगठ्याने झाकून आधी उत्तर मनात म्हणा, मग अंगठा काढा. पर्याय समोर असले की आपण आठवत नाही, ओळखतो. सलग किती दिवस झाले, किती तारे मिळाले, त्या हिशोबाकडे सरळ दुर्लक्ष करा.

आता अकाउंट्स. इथेही घोळ तोच आहे, फक्त शीर्षकाच्या जागी प्रकरणाचं नाव येतं. ‘भागीदाराचा प्रवेश’ या प्रकरणातली दहा उदाहरणं ओळीने केलीत की त्याग प्रमाण (जुने भागीदार नफ्यातला किती वाटा सोडतात ते) काढायचं हे न वाचताच माहीत असतं. ‘भागीदाराची निवृत्ती’मध्ये लाभ प्रमाण (उरलेल्यांचा वाटा किती वाढतो ते), तेही तसंच. पुनर्मूल्यांकन खातं दोन्हीकडे, ख्याती म्हणजे गुडविल दोन्हीकडे, ताळेबंद दोन्हीकडे. प्रश्नपत्रिकेत हे सगळे शेजारी-शेजारी आले की डोकं गरगरतं, कारण ही जुळी भावंडं तुम्ही आजवर एकत्र उभी केलेलीच नाहीत. एक रात्र प्रवेशाचं एक, निवृत्तीचं एक आणि भागीदाराच्या मृत्यूचं एक अशी तीन उदाहरणं काढा. ती पूर्ण सोडवूही नका. प्रत्येकाचं नुसतं वाचन करून समासात लिहा: कोण आलं, कोण गेलं, कोणतं प्रमाण, ख्याती कोणाच्या खात्यावर. वीस मिनिटांचं काम आहे, आणि रकमांची बेरीज-वजाबाकी तुम्हाला येतेच. अंतिम खात्यांच्या समायोजनांनाही हेच: देणे पगार, पूर्वदत्त विमा, घसारा यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका, एकेक काढून तिचे दोन परिणाम तोंडी सांगा. मुलगी स्टेट बोर्डाच्या शाळेत असेल तर तिच्या गणिताच्या पुस्तकातले ‘प्रॅक्टिस सेट’ म्हणजे सरावसंच आणि ‘मिसलेनिअस प्रॉब्लेम्स’ म्हणजे संकीर्ण प्रश्नसंग्रह बघा. सरावसंच एका प्रकारचा असतो, संकीर्णमध्ये सगळं मिसळलेलं असतं. वेळ नाही म्हणून बहुतेक मुलं नेमका संकीर्ण सोडतात. तिलाही सोडू देऊ नका.

वाणिज्य संघटन, अर्थशास्त्र, चिटणिसाची कार्यपद्धती या विषयांना स्वाध्याय फारसे लागत नाहीत, तिथे धोका वेगळा आहे: पुन्हा-पुन्हा वाचण्याचा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि नंतर तीनदा, उतारा न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. परीक्षा पाच मिनिटांनी असती तर मीही तुम्हाला वाचाच म्हटलं असतं. एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, पाठकोऱ्या कागदावर मुद्दे लिहा, मग उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. तो कागद जपून ठेवायची गरज नाही.

पुस्तकांवर पैसे घालवायचेच नसतील तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि ब्रिटिश कौन्सिलच्या इंग्रजी शिकवणाऱ्या संकेतस्थळावर पातळीनुसार व्याकरणाचे स्वाध्याय आहेत, तेही फुकट. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मात्र जमवाच, शीर्षक नसलेला सगळ्यात चांगला सराव त्यात तयार मिळतो. फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी वर्कबुकं दिसली तर मोह आवरा, त्यांत आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरं भरलेली असतात, आणि त्यांतली निम्मी चुकीची.

मुलीच्या हसण्याचं काय करायचं? तिला कामाला लावा. डब्यातल्या चिठ्ठ्या तिने काढायच्या, मराठी वाक्य तिने वाचायचं, इंग्रजी तुम्ही करायचं. बदल्यात तिच्या मराठीच्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही तपासायचे. इंग्रजी माध्यमातल्या सातवीच्या मराठीच्या वहीत काय-काय असतं याची मला चांगली कल्पना आहे. हसायची पाळी तुमच्यावरही येईल. तेव्हा फार हसू नका, तिला चिठ्ठ्या काढायच्या आहेत अजून.

फेब्रुवारीत लेखी परीक्षा सुरू होईल, पण इंग्रजीची तोंडी परीक्षाही असते आणि तिचे २० गुण आहेत, हे १७ नंबरवाल्या बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. तुमचं संपर्क केंद्र असलेल्या कॉलेजात एखाद्या शनिवारी जाऊन तिची तारीख आणि प्रकल्पांच्या वह्या कधी द्यायच्या ते विचारून या. बाहेरून बसणाऱ्यांना हे कोणी फोन करून कळवेल या भरवशावर राहू नका.